ग्वाल्हेरात घराखाली कोणता दगड आहे? रेडॉनचा धोका ओळखण्यापासून तो कमी करण्यापर्यंत

ग्वाल्हेरच्या किल्ल्यापासून दक्षिणेला डबरा-दतियाच्या वाटेने निघालं, की थोड्याच अंतरात पायाखालची जमीन पुन्हापुन्हा बदलते. किल्ला उभा आहे तो विंध्य वालुकाश्मावर. शहराजवळच्या टेकड्यांमध्ये त्याहून जुने, ग्वाल्हेर गटाचे खडक आहेत: खाली वालुकाश्म, वर शेल (चिखल घट्ट होऊन झालेला पापुद्र्यांचा खडक) आणि लोहयुक्त चर्ट (गारेसारखा कठीण खडक), आणि त्यांच्या थरांत घुसलेल्या काळ्या ट्रॅपच्या, म्हणजे बेसॉल्टसारख्या अग्निज खडकाच्या, पट्ट्या. दक्षिणेच्या पार गावावरून आणि आपल्या मोरारवरून भूवैज्ञानिकांनी या थरांना नावं दिली आहेत. आणखी दक्षिणेला गेलं की बुंदेलखंडाचा ग्रॅनाइट वर येतो, सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा. झाशीचा किल्ला त्याच ग्रॅनाइटच्या टेकडीवर आहे. उलट दिशेला, मुरैना-भिंडकडे, नद्यांनी आणलेला जाड गाळ आणि चंबळच्या घळी.

तळमजल्यावरच्या खोलीत रात्रभर आपण जी हवा घेतो, तिच्यात रेडॉन हा किरणोत्सारी वायू किती असू शकतो हे या फरकावर बरंच अवलंबून असतं. म्हणून काम जमिनीपासून सुरू करायचं. माझं सांगणं एवढंच आहे की भूशास्त्राचा नकाशा आधी कोणी मोजायचं आणि घरात कुठे मोजायचं ते सांगतो. किती आहे ते मोजल्याशिवाय कुणालाच कळत नाही. दोन्ही गोष्टी केल्या पाहिजेत, आणि दोन्ही सामान्य माणसाला जमण्यासारख्या आहेत.

आधी रेडॉनबद्दल थोडं

जवळजवळ प्रत्येक दगडात आणि मातीत युरेनियमचा अंश असतो. त्याचं विघटन होत होत रेडियम तयार होतं आणि रेडियमपासून रेडॉन-२२२. युरेनियम आणि रेडियम घन आहेत, ते खनिजात अडकून राहतात. रेडॉन मात्र वायू आहे, त्याला रंग नाही, वास नाही, आणि फट मिळाली की तो निसटतो. त्याचा अर्धायुकाळ, म्हणजे निम्मे अणू फुटून जायला लागणारा वेळ, ३.८ दिवसांचा. एवढ्या वेळात जमिनीतून घरात पोचायला त्याला सवड मिळते.

उघड्या हवेत तो विरून जातो. बाहेर साधारण १० बेकरेल प्रति घनमीटर एवढाच सापडतो (बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं). घराखालच्या मातीच्या पोकळ्यांतल्या हवेत मात्र तो हजारो, कधी दहा-वीस हजारांच्या घरात असतो. त्या हवेचा अगदी थोडा भाग घरात शिरला तरी आकडा चढतो. श्वासाबरोबर आत गेल्यावर नुकसान करतात ती त्याच्यापासून तयार होणारी पोलोनियमसारखी मूलद्रव्यं. ती फुप्फुसाच्या अस्तरावर बसतात आणि तिथेच अल्फा कण सोडतात.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये रेडॉनचा समावेश माणसाला कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे वेगवेगळ्या देशांत फुप्फुसाच्या कर्करोगांपैकी ३ ते १४ टक्के रेडॉनमुळे होतात, आणि घरातली दीर्घकाळची सरासरी दर १०० बेकरेलने वाढली की धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. धूम्रपान करणाऱ्याला रेडॉनपासूनचा धोका न करणाऱ्याच्या सुमारे २५ पट असतो. घरात कुणी विडी-सिगरेट ओढत असेल तर ती सुटणं हा या लेखातल्या प्रत्येक उपायापेक्षा मोठा उपाय आहे. हे मी आधीच सांगून ठेवते.

पहिली पायरी: आपली जमीन ओळखा

खडकानुसार युरेनियमचं प्रमाण बदलतं. सर्वसाधारण ग्रॅनाइटमध्ये १० लाख भागांत ३ ते ५ भाग युरेनियम असतं. शेलमध्ये ३ ते ४ भाग, आणि सेंद्रिय द्रव्य जास्त असलेल्या काळ्या शेलमध्ये त्याहून पुष्कळ जास्त असू शकतं. स्वच्छ वालुकाश्मात एखाद-दोन भाग. बेसॉल्टमध्ये १ किंवा त्याहूनही कमी. त्यामुळे इंदूरची आत्या म्हणाली, "आमच्याकडे मोजलं रे, काहीच निघालं नाही," तर तिचं खरं असेल. पण ती माळव्याच्या काळ्या बेसॉल्टवर राहते. तिचा आकडा डबऱ्याच्या किंवा झाशीच्या घराला लागू होत नाही.

जमीन आणि घर यांच्यातला हा दुवा जगाच्या नजरेत भरला तो १९८४ मध्ये, अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात. स्टॅन्ली वॉट्रस हे लिमरिक इथल्या अणुवीजकेंद्राच्या बांधकामावर अभियंता होते. तिथल्या तपासणी यंत्राचा गजर त्यांच्यामुळे पुन्हापुन्हा वाजायचा, आणि केंद्रात तर अजून वीजनिर्मिती सुरूही झालेली नव्हती. शोध घेतल्यावर कळलं की किरणोत्सारी कण ते घरून अंगावर घेऊन येत होते. घरात रेडॉन सुमारे २,७०० पिकोक्युरी प्रति लिटर निघाला, म्हणजे घनमीटरला जवळपास १ लाख बेकरेल. तो सगळा भाग रीडिंग प्रॉन्ग नावाच्या जुन्या ग्रॅनाइट-नाइसच्या पट्ट्यात येतो (नाइस म्हणजे उष्णता आणि दाबाने बदललेला पट्टेदार खडक). बुंदेलखंडातही ग्रॅनाइट आणि नाइस आहेत. म्हणून इथे तसेच आकडे निघतील असं मुळीच नाही. पण असा खडक खाली असेल तर मोजणी लांबणीवर टाकू नये, एवढं या प्रकरणावरून नक्की घ्यावं.

जमीन ओळखण्याचे तीन मार्ग आहेत, आणि तिन्ही वापरावेत.

नकाशा सगळ्यांत सोपा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'भूकोश' या संकेतस्थळावर १:५०,००० प्रमाणाचे भूशास्त्रीय नकाशे पाहायला मिळतात. आपलं गाव किंवा वस्ती शोधायची, तिथला रंग कोणत्या खडकाचा ते सूचीत बघायचं, आणि जवळून दोन रंगांची सीमारेषा किंवा भ्रंशाची (खडक तुटून सरकल्याची) रेघ जाते का तेही टिपून ठेवायचं. एक मर्यादा ध्यानात ठेवा: या नकाशावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. एका गल्लीचा एक भाग खडकावर आणि दुसरा गाळावर असेल तर ते इथे दिसणार नाही.

म्हणून दुसरा मार्ग, बोरिंगवाला. मला स्वतःला हा नकाशापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. तुमच्या किंवा शेजारच्या घराची बोअर ज्याने मारली त्याला विचारा: "भाऊ, किती फुटांवर दगड लागला? चुरा कसल्या रंगाचा आला?" वीस-तीस फूट पिवळी माती आणि मग गुलाबी दाणेदार चुरा आला असेल तर गाळाखाली ग्रॅनाइट आहे. चुरा काळसर-हिरवट आणि जड असेल तर ट्रॅप. पातळ पापुद्रे आले असतील तर शेल. शेदोनशे फूट मातीच लागली असेल तर खालचा खडक तुमच्या दृष्टीने फारसा महत्त्वाचा नाही, मातीच बघायची.

तिसरा मार्ग म्हणजे डोळे. जवळपास कुठे पाया खणत असतील, रस्त्यासाठी टेकडी कापली असेल, तिथे जाऊन बघा. ग्रॅनाइटमध्ये थर नसतात; गुलाबी किंवा करडे चकचकीत दाणे, काचेसारखं क्वार्ट्झ आणि काळे ठिपके नुसत्या डोळ्यांनी दिसतात. वालुकाश्म हाताला खरखरीत लागतो आणि थरांत फुटतो. याच भागातल्या वालुकाश्माच्या फरश्या आणि छपराच्या पटिया आपल्या जुन्या घरांत आहेत. शेल नखाने सुटतो. गाळाच्या मातीत पांढरे कंकर सापडतात.

दोन प्रकारच्या जागांना मी जास्त लक्ष देईन. एक, ग्रॅनाइटवर वालुकाश्म जिथे टेकतो तो सांधा. ग्रॅनाइट उघडा पडून झिजल्यावर त्यावर वाळूचे थर बसले, त्यामुळे मध्ये जुन्या झिजलेल्या मातीचा पट्टा असतो आणि भूजल अशा पट्ट्यातून वाहतं. पाण्याबरोबर युरेनियम हलतं आणि अशा ठिकाणी साचू शकतं. कॅनडातल्या अथाबास्का भागातले जगप्रसिद्ध युरेनियमचे साठे अशाच सांध्याजवळचे आहेत. दोन, बुंदेलखंडात मैलोनमैल दिसणाऱ्या क्वार्ट्झच्या पांढऱ्या भिंती. त्या जुन्या भेगांतच तयार झाल्या आहेत, आणि भेगांच्या कडेचा खडक चिरलेला असतो.

दुसरी पायरी: हवेला वर यायला वाट किती मोकळी आहे?

युरेनियम जास्त म्हणजे घरात रेडॉन जास्त, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. रेडियमचा अणू फुटून रेडॉन तयार होतो तेव्हा तो खनिजाच्या आत असतो. दाण्याच्या पृष्ठभागाजवळचेच अणू उडी मारून पोकळीत येऊ शकतात, बाकीचे आतच संपतात. त्यामुळे अखंड, ताजा ग्रॅनाइट बहुतेक रेडॉन स्वतःजवळच ठेवतो. तोच ग्रॅनाइट हवापाण्याने कुजून मुरूम झाला, की दाणे सुटे होतात, पृष्ठभाग वाढतो, आणि हवा खेळायला जागा होते. म्हणजे युरेनियम तेवढंच, पण बाहेर येणारा रेडॉन कितीतरी पट.

कोरड्या, मोकळ्या मातीत रेडॉन आपल्या आयुष्यात नुसता आपोआप पसरत जाऊन साधारण मीटरभर सरकतो. पाण्याने गच्च चिकणमातीत जेमतेम काही सेंटिमीटर. भेगेतून हवा वाहत असेल तर मात्र बरंच खोलवरचा वायूही वर येतो. यावरून ग्वाल्हेरच्या जमिनींचा अंदाज असा बांधता येतो: चिकणमातीचा जाड थर घराखाली असेल तर खालचा खडक कोणताही असो, झाकण बसल्यासारखं आहे. वाळूचा किंवा रेताड गाळ असेल तर युरेनियम बेताचं असूनही वाट मोकळी. भेगाळ वालुकाश्माचंही तसंच. कुजलेला ग्रॅनाइट किंवा मुरूम, आणि त्यावर मातीचा पातळ थर, ही सगळ्यांत आधी मोजायची जमीन.

आता एक गोष्ट, जी नकाशात कधीच दिसत नाही आणि जिच्याकडे घरमालकाचं लक्ष जात नाही: जोत्यातला भराव. जमीन गाळाची असली तरी जोतं उंच करायला ट्रॉल्या भरून मुरूम, क्रशरची गिट्टी, डस्ट आणली जाते. ती ग्रॅनाइटच्या खाणीतून आली असेल, तर तुम्ही ग्रॅनाइटचा सुटा, हवा खेळणारा थर नेमका फरशीखाली घातलात. मोरारच्या पलीकडच्या गाळावर बांधलेल्या नव्या बंगल्यालाही हे लागू पडतं. ठेकेदाराला विचारा भराव कुठला आहे. घर आधीच बांधलेलं असेल तर आजूबाजूला उरलेला मुरूम कोपऱ्यात कुठेतरी पडलेला असतोच. त्यात गुलाबी दाणे दिसतात का बघा.

ऋतूही बघायला हवा. पावसाळ्यात अंगणातली माती भिजून हवेची वाट बंद करते, पण घराखालची माती कोरडीच असते. मग आजूबाजूला कोंडलेला वायू वर येण्यासाठी घराखालचीच कोरडी वाट धरतो. थोडा ओलावा तर दाण्यांतून रेडॉन सुटायला मदतच करतो. म्हणून संततधार लागली की काही घरांत आकडा चढलेला दिसतो.

तिसरी पायरी: घर जमिनीला कुठे कुठे टेकलं आहे ते बघा

घरातली हवा बाहेरच्या हवेपेक्षा गरम असली की ती वरच्या झरोक्यांतून, जिन्यातून बाहेर जाते, आणि खाली किंचित ओढ तयार होते. हा दाबाचा फरक अवघ्या काही पास्कलचा, अंगाला न जाणवणारा. पण फरशीखालची हवा फटीतून वर खेचायला तेवढा पुरतो. जानेवारीतल्या धुक्याच्या रात्री खिडक्या घट्ट बंद आणि खोलीत हीटर, ही रेडॉन साठण्याची सगळ्यांत अनुकूल स्थिती.

दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसलेल्या, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात अजून जुने वाडे आहेत. मधला उघडा चौक हे त्यांचं मोठं बळ. हवा अखंड खेळती राहते. पण माकडं, धूळ आणि पाऊस यांच्या त्रासाने अनेक घरांनी चौकावर फायबरचे पत्रे टाकले. पत्रा टाकलेल्या चौकाच्या वाड्यात जमिनीलगतच्या खोल्यांची हवा पहिल्यासारखी बदलत नाही. पत्रा आणि भिंत यांच्यात चहूबाजूंनी हातभर फट ठेवली तरी खूप फरक पडतो. दुसरी गोष्ट म्हणजे जुन्या फरश्या. त्या वाळूवर किंवा चुन्यावर बसवलेल्या असतात आणि सांधे मोकळे झालेले असतात. तिथे घर आणि जमीन यांच्यात अडथळा असा नसतोच.

तळघर सगळ्यांत नाजूक. उन्हाळ्यात थंडावा मिळावा म्हणून आपल्याकडे तळघरं पूर्वीपासून आहेत. किल्ल्यावरच्या मान मंदिरातही जमिनीखाली मजले आहेत. पूर्वी तिथे दुपारपुरतं बसणं होई. आता त्याच तळघरात कोचिंगचे वर्ग चालतात, दुकानाचा नोकर दहा तास बसतो, कधी मुलाची अभ्यासाची आणि झोपायची खोली असते. जिथे माणूस रोज कित्येक तास घालवतो, तिथे मोजलंच पाहिजे.

मग एक चक्कर घरात टाका आणि वहीत लिहा: फरशी आणि भिंत यांच्या कडेची फट, मोरीचं आणि नळांचं फरशीतून जाणारं भोक, जिन्याखाली किंवा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात असलेली बोअर आणि तिच्या केसिंगभोवतालची जागा, जमिनीतल्या हौदाचं झाकण, वायरींच्या पायपांची तोंडं. टेकडी कापून बांधलेल्या घराची मागची भिंत थेट खडकाला टेकलेली असेल तर ती भिंतही फरशीइतकीच महत्त्वाची. दुसऱ्या मजल्यावरच्या आणि त्यावरच्या फ्लॅटला जमिनीचा रेडॉन क्वचितच त्रास देतो.

पंख्यांबद्दल एक उपयोगाची गोष्ट. खिडकीत बसवलेला डेझर्ट कूलर बाहेरची ताजी हवा आत ढकलतो, त्यामुळे खोलीत दाब किंचित वाढतो आणि जमिनीची हवा आत यायला अडते. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवत राहतो. कूलर काढून एसी बसवला आणि खिडक्यांच्या फटींना रबराच्या पट्ट्या लावल्या, तर रेडॉनच्या दृष्टीने खोली बदलली, नव्याने मोजा. आणि सगळी दारं-खिडक्या बंद ठेवून स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट चालू ठेवला तर तो हवा कुठून तरी खेचणारच, जवळची वाट बहुधा फरशीची असते. एक्झॉस्टसोबत एखादी खिडकी उघडी ठेवा.

चौथी पायरी: पाणी आणि बांधकामाचा दगड

तिघरा धरणाचं पाणी नळाला येत असेल तर पाण्यातून येणाऱ्या रेडॉनची काळजी सोडून द्या. उघड्या जलाशयात आणि शुद्धीकरणात तो हवेत निघून जातो. प्रश्न ग्रॅनाइटमधल्या खोल बोअरचा. अंदाज बांधायला ठोकताळा असा: पाण्यात लिटरला १,००० बेकरेल असतील तर घराच्या हवेत घनमीटरला साधारण १०० बेकरेलची भर पडते. पाणी आधी गच्चीवरच्या टाकीत उंचावरून धबधब्यासारखं पडत असेल आणि टाकीला हवेची तोंडं असतील तर बराचसा रेडॉन तिथेच उडतो. बोअरमधून थेट शॉवरला जोडणी असेल आणि न्हाणीघराला खिडकी नसेल तर ती जोडणी बदला. पाण्यातलं युरेनियम हा वेगळा विषय आहे, त्याची तपासणी वेगळी; एकाचा अहवाल दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

ओट्याच्या ग्रॅनाइटला लोक फार घाबरतात. बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून विकला जातो तो बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, त्यात युरेनियम अगदी कमी. गुलाबी-लाल ग्रॅनाइटमध्ये जास्त असलं तरी दोन सेंटिमीटर जाडीचा, पॉलिश केलेला तुकडा घराखालच्या जमिनीपुढे नगण्य. ओटा काढू नका.

पाचवी पायरी: मोजणी

मोजण्याची साधनं तीन प्रकारची. कोळशाच्या डब्या दोन ते सात दिवस ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात. त्यांतून फक्त त्या दिवसांचा आकडा मिळतो. अल्फा कणांच्या खुणा उमटणाऱ्या फिल्म तीन महिने ते वर्षभर ठेवतात. भारतात एलआर-११५ या फिल्मवर काम करणारे विद्यापीठांतले गट बरेच आहेत, आणि मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने त्यासाठी सूक्ष्म छिद्रांचे खास डोसीमीटर विकसित केले आहेत, ज्यांत रेडॉन आणि त्याचा भाऊबंद थोरॉन वेगवेगळे मोजता येतात. तिसरं साधन म्हणजे घरगुती डिजिटल मॉनिटर. ऑनलाइन मिळतो, रोजचा आणि महिन्याचा सरासरी आकडा दाखवतो. चार-पाच घरांनी मिळून एक घेतला तर खर्च वाटला जातो. नातेवाइकांत फिरवायला हरकत नाही, फक्त प्रत्येक घरात निदान महिनाभर तरी राहू द्या.

फिल्मची मोजणी करून घ्यायची असेल तर जीवाजी विद्यापीठात भूविज्ञान शिकवणाऱ्या किंवा जवळच्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांना भेटून विचारावं. संशोधकांना मोजणीसाठी घरं हवीच असतात.

साधन कुठे ठेवायचं यावर आकड्याचा भरवसा ठरतो. घरातल्या सगळ्यांत खालच्या, पण रोज वापरात असलेल्या खोलीत ठेवा. झोपायची खोली उत्तम, कारण सात-आठ तास आपण तिथे असतो. जमिनीपासून किमान अर्धा मीटर वर, खिडकी-दारापासून जवळपास मीटरभर लांब, बाहेरच्या भिंतीपासून निदान एक फूट दूर. भिंतीला चिकटवून ठेवू नका: माती-विटांच्या भिंतींतून हा थोरॉन येतो, त्याचा अर्धायुकाळ ५६ सेकंदांचा, त्यामुळे तो भिंतीजवळच सापडतो आणि साध्या यंत्राला फसवतो. स्वयंपाकघर, न्हाणीघर, कूलरचा झोत आणि देवघरातली धूप-उदबत्ती यांच्यापासून लांब ठेवा.

दोन-चार दिवसांची मोजणी असेल तर सुरू करण्याआधी १२ तास आणि मोजणीभर दारं-खिडक्या बंद, येण्याजाण्यापुरतीच उघडायची. लांबच्या मोजणीत मात्र रोजच्यासारखं राहा. खिडक्या उघडायची सवय असेल तर उघडा; तुमच्या खऱ्या जगण्याची सरासरी हवी आहे. ग्वाल्हेरसाठी मी सुचवेन: पहिली मोजणी डिसेंबर ते फेब्रुवारी, दुसरी पावसाळ्यात. हिवाळ्याचा आकडा बहुधा वर्षातला सर्वांत जास्त असेल आणि दोन्हींवरून वर्षाचा अंदाज येतो. मे महिन्यात कूलर चालू असताना मोजून "काही नाही" म्हणून निश्चिंत होऊ नका.

शेजाऱ्याने मोजलंय म्हणून आपण सोडून द्यावं का? नाही. भेग त्याच्या घराखालून जाते की तुमच्या, भराव कुठला, फरशी कशी, यावर एकाच भिंतीच्या दोन बाजूंना वेगळे आकडे येऊ शकतात.

सहावी पायरी: आकडा आला, पुढे काय?

जागतिक आरोग्य संघटना वर्षाची सरासरी १०० बेकरेलच्या आत ठेवायला सांगते, आणि स्थानिक परिस्थितीत ते शक्य नसेल तर ३०० च्या वर जाऊ देऊ नये म्हणते. अमेरिकेत १४८ ला उपाय करायला सांगतात. जगभरातल्या घरांची सरासरी ४० च्या आसपास आहे.

शंभराच्या खाली असेल तर कागदावर लिहून ठेवा आणि सोडून द्या. १०० ते ३०० मध्ये असेल तर घाबरायचं कारण नाही. फटी बुजवा, हवा खेळती करा, पुन्हा मोजा. ३०० च्या वर आकडा दुसऱ्या मोजणीतही टिकला तर खालचा पंख्याचा उपाय करा. हजाराच्या वर असेल तर तोवर झोपायची खोली वरच्या मजल्यावर हलवा आणि तळघरातला वर्ग बंद करा. एका रात्रीच्या उंच आकड्यावरून निर्णय घेऊ नका, तो रोज दुप्पट-तिप्पट वरखाली होतो.

सातवी पायरी: उपाय

सुरुवात फटींपासून. फरशीच्या कडा आणि नळांची भोकं पॉलियुरेथेन सीलंटने बुजवा. पांढरं सिमेंट वर्षभरात पुन्हा तडकतं. मोरीला पाण्याचा सापळा असलेली जाळी बसवा. बोअरच्या केसिंगला झाकण आणि भोवती सीलंट. नुसत्या बुजवण्याने आकडा थोडाच उतरतो, कारण एक फट बंद झाली की हवा दुसरी शोधते. तरी पुढच्या उपायासाठी हे आधी करावंच लागतं.

हवा बदलणं स्वस्त. जमिनीतून येणारा रेडॉन तेवढाच राहून ताजी हवा दुप्पट झाली तर आकडा साधारण निम्मा होतो. हिवाळ्यात रात्री खोलीच्या समोरासमोरच्या दोन झडपा चार बोटं उघड्या ठेवल्या तरी चालतं. तळघरात बाहेरची हवा आत ढकलणारा पंखा बसवा. आतली हवा बाहेर फेकणारा पंखा तिथे उलटा परिणाम करू शकतो.

सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे फरशीखालची हवाच खेचून घेणं. फरशीला भोक पाडून खाली एक-दोन घमेली भराव काढायचा, खड्डा करायचा, त्यात ४ इंची पीव्हीसी पाइप बसवून कडा बंद करायच्या आणि पाइप गच्चीवर न्यायचा. वर चोवीस तास चालणारा लहान पंखा. फरशीखालचा दाब घरापेक्षा कमी झाला की हवा वर यायची थांबते. भराव गिट्टीचा किंवा मुरमाचा असेल तर एकाच खड्ड्याचा परिणाम अनेक खोल्यांपर्यंत पोचतो. ज्या भरावाने त्रास दिला तोच इथे कामी येतो. चिकणमाती असेल तर दोन-तीन खड्डे लागतात. पंखा घराच्या आत किंवा तळघरात कधीही बसवू नका: पुढच्या पायपाला चीर गेली तर दाट रेडॉन घरातच सुटेल. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात माणसं गच्चीवर झोपतात, म्हणून पाइपाचं तोंड गच्चीच्या फरशीवर संपवू नका. उभ्या माणसाच्या डोक्यापेक्षा बरंच वर, शेजाऱ्याच्या खिडकीपासून लांब काढा. पंखा इन्व्हर्टरवर जोडा, तो फार थोडी वीज खातो.

नवं घर बांधत असाल तर हेच काम फारच स्वस्तात होतं. फरशीचं काँक्रीट घालण्याआधी मिस्त्रीला एवढं सांगा: चार इंच स्वच्छ गिट्टी, तिच्यात भोकं पाडलेला आडवा पाइप, त्याचं एक तोंड भिंतीतून गच्चीपर्यंत, गिट्टीवर जाड पॉलिथिन, सांध्यांना फूटभर चढवलेलं आणि टेप लावलेलं, मग काँक्रीट. पॉलिथिनला घमेल्याने भोक पडलं तर तिथेच ठिगळ लावायला सांगा. गिट्टी वालुकाश्माची किंवा ट्रॅपची मिळाली तर तीच घ्या. पंखा आत्ता लावायची गरज नाही. राहायला गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात मोजा, आकडा चढा निघाला तर तयार पाइपावर पंखा बसवायचा.

उपाय केल्यावर त्याच खोलीत, त्याच जागी, त्याच ऋतूत पुन्हा मोजायचं. पुढे दोन-तीन वर्षांनी एकदा, आणि घरात तोडफोड केली, चौक झाकला, एसी बसवला, आवारात नवी बोअर मारली किंवा तळघर राहण्यासाठी वापरायला घेतलं तर लगेच. प्रत्येक वेळची तारीख, खोली, साधन, दारं-खिडक्यांची स्थिती आणि आकडा एका कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत लावा. खोली भाड्याने देताना भाडेकरूला तो कागद दाखवा.